बारा मशिनींचा इस्तो

मामाजी, सोमवारी क्लास उघडला. पहिली बातमी हीच, कारण तुम्ही असता तर आधी हेच विचारलं असतं, चहा झाला का ते नंतर. बाराच्या बारा मशिनी चालू झाल्या. लगेच नाही झाल्या. मध्ये एक गंमत झाली, ती सांगते. पण झाल्या.

घरी भेटायला येणारे तुमच्याबद्दल फार चांगलं बोलून गेले. तुमचे शाळेतले जुने विद्यार्थी आले, सावरगावहून आले, सौंसरहून आले. सर देवमाणूस होते, सरांचा आवाज कधी चढला नाही, असं म्हणाले. मी आत चहा गाळत ऐकत होते. म्हटलं, यांनी आपली भांडणं ऐकलेली दिसत नाहीत. सासरा आणि सून यांचं पटत नाही हे काही आपल्या पांढुर्ण्याला नवीन नाही, पण कॉम्प्युटरला स्वतःची डिस्क असावी की नसावी यावरून वर्षानुवर्षं भांडणारे सासरा-सून आपणच. दुसऱ्या घरात मीठ कमी पडलं म्हणून वाद होतो. आपल्या घरात मीठ कमी पडलेलं तुमच्या लक्षातही यायचं नाही.

सगळी सुरुवात तुमच्या खरेदीनं झाली. मी लोधीखेड्याहून लग्न होऊन आले तेव्हा माझ्याजवळ कॉम्प्युटरची डिग्री होती आणि कॉलेजात असताना माझ्या बाबांनी घेऊन दिलेली एक मशीन होती. डिग्री कपाटात, मशीन कपड्यानं झाकलेली. यावर पाहुणे कौतुक करायचे आणि विषय बदलायचे. तू आता काय करणार आहेस, असं मला या घरात सरळ विचारलं ते फक्त तुम्ही. मी म्हटलं, समोरच्या खोलीत मुलींसाठी क्लास काढावा असं वाटते. तुम्ही मान हलवलीत आणि पेपर वाचू लागलात. मला वाटलं, झालं, संपला विषय.

मग तुम्ही आपल्या मळ्यातल्या संत्र्याच्या गाडीबरोबर नागपूरला गेलात आणि संध्याकाळी त्याच गाडीत परत आलात. गाडीत क्रेट भरलेले पाहून शेजारचे काका धावत आले, माल परत आला काय म्हणून. क्रेटांमध्ये तणसावर बारा कॉम्प्युटर निजवलेले होते. कुठल्याशा ऑफिसातल्या जुन्या मशिनींचा लिलाव होता, तुम्ही अख्खा लॉट उचललात. ओट्यावर उभं राहून मला म्हणालात, "घे. तुह्या क्लासच्या." मी काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच बोलले नाही. ते बोलायचं राहूनच गेलं, आणि त्याचं कारण पुढच्या अर्ध्या तासात घडलं.

अर्ध्या तासानं पहिली मशीन उघडली तेव्हा डिस्कच्या जागी चार स्क्रूंची भोकं होती. दुसरी उघडली, तिसरी उघडली. एकाही मशिनीत डिस्क नव्हती. ऑफिसं आपल्या जुन्या मशिनी विकतात, पण त्यांच्या पोटातली कागदपत्रं विकत नाहीत, डिस्क आधीच काढून घेतात. हे साऱ्या जगाला माहीत होतं, आपल्याला नव्हतं. तुम्ही शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलेलं. लिलावात प्रत्येक मशीन चालू करून पाहिलीत, दिवा लागतो का, पंखा फिरतो का. बैलाचे दात पाहून घ्यावेत तसे तुम्ही बारा पंखे पाहून घेतलेत. नितीन म्हणाला, बाबांनी संत्री दिली आणि सालपटं आणली. तेव्हा नवरा असूनही मला त्याचा राग आला.

आईंनी पानं वाढली होती. तुम्ही एक मशीन उचलून आपल्या खोलीकडे निघालात आणि जाता जाता म्हणालात, "थांबा, आलोच."

तुमचं 'आलोच' या घरात प्रसिद्ध होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा नितीननं मला दोनच गोष्टी सांगून ठेवल्या होत्या: आईला शिळं चालत नाही, आणि बाबा आलोच म्हणाले की जेवून घ्यायचं. त्या दिवशी आम्ही जेवून घेतलं. वरण पुन्हा दोनदा गरम झालं. शेवटी मी ताट घेऊन तुमच्या खोलीत आले, तर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून काळ्या पडद्याला नाक लावून बसला होतात.

"हे पाय," तुम्ही म्हणालात, "ही मशीन काहीतरी मागून राहिली."

मी वाकून पाहिलं. मशीन आपली डिस्क शोधत होती, ती मिळत नव्हती, आणि मग ती तारेवरून कुणी आहे का म्हणून हाक मारत होती. मला पत्ता द्या, मला चालू व्हायला काहीतरी द्या. कुणी उत्तर देत नव्हतं, कारण तार कुठेच जोडलेली नव्हती. मी तुम्हाला सांगितलं की याला नेटवर्कवरून बूट होणं म्हणतात, आम्हाला कॉलेजात त्यावर चार मार्कांचा प्रश्न होता. तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "मागून राहिली ना? मंग देऊन टाकू."

चार मार्कांच्या प्रश्नावर आपण पुढे सगळी दिवाळीची सुट्टी घालवली. मला इंग्रजी वाचता यायचं आणि तुम्हाला चिकाटी होती. मी वाचायचे, तुम्ही करायचात, बिघडायचं, मी म्हणायचे मी हे सांगितलंच नव्हतं, तुम्ही म्हणायचात बिलकुल सांगितलं होतं. माझी डिस्कवाली मशीन सगळ्यांना चालू करणारी मोठी मशीन झाली. तिच्यापासून एक तार तारांच्या डब्यात, आणि डब्यापासून बारा तारा समोरच्या खोलीत. भिंतीला भोक पाडलं तेव्हा आई दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि हे सगळं काय चाललं आहे ते आईंना समजावताना तुम्ही इस्त्याची, म्हणजे विस्तवाची, गोष्ट काढलीत. तुम्ही लहान असताना तुमच्या घरी काडीपेटी जपून वापरायचे. सकाळी तुमची आई तुमच्या हातात अर्धी गोवरी द्यायची आणि सांगायची, जा, कुणाकडून इस्तो घेऊन ये. तुम्ही गल्लीत उभं राहून पाहायचात, कुणाच्या घरातून धूर निघतो आहे. त्या घरची बाई गोवरीवर एक निखारा ठेवायची, तुम्ही फुंकर मारत मारत घरी यायचात आणि मग आपली चूल पेटायची. देणाऱ्याच्या चुलीतला विस्तव काही कमी व्हायचा नाही. तसंच, तुम्ही म्हणालात, या बारा घरांत काडीपेटी नाही. सकाळी उठून त्या गल्लीत हाक मारतात. मोठी मशीन म्हणते, ये, हे तुझं घर, ही चूल. आधी एक लहानसा निखारा देते, छोटासा प्रोग्राम. त्याच्या जोरावर मशीन बाकीचं सारं आपल्या अंगणात ओढून आणते आणि पेटते. आई म्हणाल्या, मग शेजारीण गावाला गेली तर काय करता? डिस्कबद्दलचं माझं म्हणणं आईंनी एका वाक्यात मांडलं होतं.

मामाजी, ही उपमा मी दर बॅचला पहिल्या दिवशी सांगते. मुलींना गोवरी माहीत आहे, इस्तो मागून आणणं माहीत नाही, तरी समजते. एकदाही तुमचं नाव घेऊन सांगितली नाही. आता घेते.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मोठी मशीन तुमच्या पलंगाशेजारी ठेवली, कारण इन्व्हर्टरचं कनेक्शन तिथं होतं, आणि एकदा ठेवली ती ठेवलीच. रोज सकाळी ती तुम्हीच चालू करायची, मी बटणाला हात लावला की तुम्हाला खोकला यायचा. मशीन माझी, माझ्या माहेरची, आणि क्लास उघडायचा तर मला सासऱ्याच्या खोलीबाहेर उभं राहावं लागे. तुम्ही रामटेकला गेलात की बारा मशिनी तोंड काळं करून बसायच्या. मी म्हणायचे, प्रत्येकीला आपापली डिस्क घेऊन देऊ, आता फी येते आहे. सगळ्यांचा जीव एका डब्यात ठेवू नका.

"जीव एका जागी असला का सांभाळाले सोपा जाते," तुम्ही म्हणायचात. एखाद्या मशिनीत मुलींनी काही बिघडवलं तर फक्त बंद करून चालू करायची, पुन्हा कोरी करकरीत. बारा जागी व्हायरस शोधत फिरायचं नाही, बारा जागी नवं काही टाकायचं नाही. एका जागी टाकलं की दुसऱ्या दिवशी साऱ्यांकडे. यात तुमचं खरं होतं, मला कळत होतं. म्हणून तर मी आणखी जोरात भांडायचे.

दुसरं भांडण त्या ओळीचं. निखारा पोहोचला आणि पुढचं येते आहे, या मधल्या वेळात मशिनीच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची सोय असते. मी म्हटलं, तिथं क्लासचं नाव टाकू. तुम्ही मला न विचारता इंग्रजी अक्षरांत मराठी टाकून मोकळे झालात: थांबा, आलोच. पहिल्या दिवशी बारा पडद्यांवर ती ओळ उमटली आणि मुली इतक्या हसल्या की मला शिकवता येईना. मुलींचे आईवडील येतात, हा काय पोरखेळ, असं मी ऐकवलं. तुम्ही म्हणालात, वाट पाहणाऱ्या माणसाला कुणीतरी येऊन राहिलं हे सांगितलं पाहिजे, नाव सांगून काय होते. दर वर्षी नवी बॅच सुरू व्हायच्या आधी मी ती ओळ काढा म्हणायचे, आणि दर वर्षी तुम्ही 'करतो' म्हणायचात.

वायफायचा किस्सा मी चारचौघांत सांगितला की तुम्हाला आवडायचं नाही, तरी आता सांगते, कारण त्यानंच सोमवारी आपल्याला वाचवलं. तुम्ही हौसेनं वायफायचा डबा आणलात आणि त्याची तार बिनदिक्कत आपल्या तारांच्या डब्यात खोचून दिलीत. दुसऱ्या दिवशी एकही मशीन चालू होईना. तुम्ही आधी मला दोष दिलात, मग लाइटीला, मग उंदरांना. नितीननं पिंजरा लावला, त्यात खरंच एक उंदीर सापडला आणि तुमचा आणखी विश्वास बसला. शेवटी लक्षात आलं की गल्लीत आता इस्तो देणारे दोन झाले होते. मशिनी हाक मारत, आणि मोठ्या मशिनीच्या आधी वायफायचा डबा उत्तर देई, हे घे घर. घर देई, पण चूल कुठं आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आपल्या जुन्या मशिनी भोळ्या, आधी बोलेल त्याचं ऐकायच्या, आणि रिकाम्या घरात थंडगार बसून राहायच्या. तुम्ही ती तार उपटलीत आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात, उंदीर तर निघाला ना.

नागपूरला तपासायला नेलं त्या सकाळीही मोठी मशीन तुम्हीच चालू केलीत. छातीत थोडं दुखत होतं, तरी बटण मला दाबू दिलं नाही. गाडीत बसताना मी विचारलं, संध्याकाळी परत येणार की उद्या, म्हणजे त्या हिशेबानं स्वयंपाक. तुम्ही काच खाली करून म्हणालात, आलोच. आम्ही त्या दिवशीही जेवून घेतलं, मामाजी. सवयीनं.

मग मशीन कुणीतरी बंद केली आणि ती बंदच राहिली. तेरवी होईपर्यंत कुणाला काही सुचत नव्हतं. त्यानंतर नितीननं फार हळू आवाजात विषय काढला. म्हणाला, हे सारं बाबांच्या डोक्यात होतं. तुझ्या एकटीच्या अंगावर येईल. मोडीत देऊन टाकू, चार नवे लॅपटॉप घेऊ, किंवा काही दिवस क्लासच बंद ठेवू. तो चिडवत नव्हता, काळजीनं बोलत होता. मुलींची परीक्षा तोंडावर होती. आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. इतकी वर्षं मी म्हणत आले की माझं तुमच्यावाचून अडणार नाही, आणि आता ते खरं करून दाखवायची वेळ आली होती. मशिनी चालू झाल्या नसत्या तर क्लास गेला असता. त्याहून वाईट म्हणजे, माझ्या हातात तुमचं काही उरलं नाही असं ठरलं असतं.

बटण दाबायला लावलं ते आईंनी. रविवारी दुपारी त्यांना वारा घालत होते, तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "तो डब्बा काहून बंद आहे व?"

मी म्हटलं, क्लास बंद आहे म्हणून.

"क्लास असू दे बंद. तो गुणगुणत नाही तं मले डोळा लागून नाही राहिला."

ज्या आवाजावरून त्यांनी तुम्हाला इतकी वर्षं बोल लावले, त्याच आवाजाशिवाय त्यांना दुपारची झोप येत नव्हती. मी मशीन चालू केली. पंखा फिरला. आई कुशीवर वळल्या. मी तिथंच बसून ती ओळ उघडली. नितीन म्हणाला होता, सुरू करायचंच असेल तर निदान ते वाक्य काढ, आईला कुणी वाचून दाखवलं तर तिला सहन होणार नाही. मलाही ते कधीपासून काढायचंच होतं. आता अडवायला कुणी नव्हतं. बोट पुसायच्या बटणावर ठेवलं आणि मग उचललं. उद्या पाहू म्हटलं. तुमचंच 'करतो'.

सोमवारी मुली आल्या, बारा मशिनी लावल्या, आणि एकही चालू झाली नाही. काळा पडदा, हाक, पत्ता मिळाला, पुढे काही नाही. नितीन दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मला मोडीवाल्याची गाडी दिसली. मी आधी स्वतःला दोष दिला, मग लाइटीला. आणि मग, मामाजी, माझ्या तोंडातून आपसूक निघालं, उंदीर. निघालं आणि मी हसले. पत्ता मिळतो आहे आणि चूल मिळत नाही, हे मी आधी पाहिलं होतं. मी सरळ तारांच्या डब्याकडे गेले, पलंग सरकवला, आणि मागे वायफायचा एक नवा डबा दिवे मिचकावत बसला होता. बोरगावचा तुमचा भाचा तेरवीला आला होता, ज्यांना येता आलं नाही त्यांना फोनवरून सगळं दाखवता यावं म्हणून त्यानं तो लावून दिला होता. तार खोचली होती नेमकी तुम्ही खोचली होती तिथंच. मामा-भाच्याचं रक्त एक, दुसरं काय.

तार उपटली आणि मुलींना म्हटलं, बंद करून पुन्हा चालू करा. तेवढ्यात भिंतीचा आधार घेत आई क्लासच्या दारात आल्या. एरवी त्या इकडे येत नाहीत. कुणीतरी स्टूल दिलं, त्या बसल्या. बारा पडदे काळे झाले, आणि मग एकापाठोपाठ एक सगळ्यांवर ती ओळ उमटली. मुली हसल्या नाहीत. त्यांना माहीत होतं.

"काय लिहिलं आहे व ते?" आईंनी विचारलं.

नितीननं माझ्याकडे पाहिलं. मला खोटं सुचलं नाही. मी वाचून दाखवलं.

आई स्टुलावरून पडद्याकडे वाकल्या. "यायनं लिहिलं?"

"हो."

"मंग? येते का काही?"

मी उत्तर द्यायच्या आधी पहिली मशीन उजळली. मग तिच्या शेजारची, मग खिडकीजवळची, मग सगळ्याच, खोलीत एकदम उजेड झाला. आईंनी पदरानं डोळे पुसले आणि नाक ओढून नितीनला म्हणाल्या, "पान वाढल्यावर कधी टाइमावर आले नाही. इथं बरे येऊन राहिले. राहू दे ते."

राहू दिलं आहे, मामाजी. मी हरले असं मात्र समजू नका. तुमच्या ओळीखाली दुसऱ्या ओळीत मी क्लासचं नाव टाकलं आहे. मोठी मशीन तुमच्या पलंगाशेजारीच आहे, आणि डिस्कचं भांडण माझ्याकडून अजून चालू आहे. तुमचं उत्तर नाही म्हणून मी ते जिंकलं असं धरणार नाही. ओट्यावर त्या दिवशी जे बोलायचं राहिलं, तेवढं आज बोलते. तुम्ही माझ्यासाठी गाडीभर काहीतरी आणलं होतं. त्यात डिस्क नव्हती, पण बाकी सगळं होतं.

बटण आता मी दाबते. आई रोज सकाळी येऊन पहिल्या मशिनीसमोर स्टुलावर बसतात. तुमची ओळ येते, थोडा वेळ राहते, पडदा उजळतो. मग त्या उठतात आणि चहा ठेवायला आत जातात.